नाव तेवढं बदललं होतं

चहा घ्या आधी. माझी ही फजिती ऐकताना हातात काहीतरी गरम असलेलं बरं, कारण मधेच तुम्हाला माझा राग येणार आहे. येऊ दे. मलाही अजून येतो.

माझी आई म्हणायची, या पोरीच्या तोंडात तीळ भिजत नाही. खोटं नव्हतं ते. शेजारच्या काकूंनी लाडू वळायला घेतले, की वासाच्या आधी बातमी आमच्या घरात पोचायची, आणि ती मी आणलेली असायची. अशा मुलीनं पुढं कुठलं काम धरावं? तर लोकांची दुखणीखुपणी ऐकून पोटात ठेवायचं!

तळेगावात तेव्हा बायकांची एक सेवासंस्था होती. दुसरी लढाई अजून सुरू व्हायची होती, त्या सुमाराची गोष्ट. मी तिथं सेविका. पांढरं पातळ, खांद्याला औषधांची झोळी आणि पायांत पुण्याच्या चपला. त्यातली डावी मावळच्या चिखलानं पहिल्याच पावसाळ्यात ठेवून घेतली, ती अजून तिथंच असेल.

आमच्या प्रमुख होत्या आक्का. बोलणं कमी, बघणं जास्त. जखम कशी धुवायची, डोळ्यांत औषध कसं घालायचं हे त्यांनी शिकवलं, आणि त्याबरोबर आणखी एक शिकवलं. म्हणाल्या, "बाई आपल्याशी जे बोलते ते तिचं असतं. आपलं होत नाही. चारचौघांत कुणाचं नाव घ्यायचं नाही."

मी त्यातलं काय ध्यानात ठेवलं? नाव घ्यायचं नाही. एवढंच. बाकीचं कानावरून गेलं.

दर गुरुवारी मी कामशेतला गाडीतून उतरायची आणि बेडशाच्या लेण्यांखालच्या एका गावात पायी जायची. तिथं एक घर होतं. घरातली म्हातारी म्हणजे सगळ्या गावाची मावशी. नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि आवाज असा, की बैलसुद्धा वळून बघायचे. मुलगा रेल्वेच्या गँगमध्ये, आठ-आठ दिवस लाइनीवर. म्हणजे घरात राज्य मावशीचं.

मावशीची पहिली दोन मुलं देवीच्या साथीत गेली होती. तिसरं तापानं फणफणलं तेव्हा ती देवीपुढं जाऊन बसली आणि नवस बोलली, हे वाचव, माझ्या घरात कुणाच्या अंगाला टोचणीची सुई लागू देणार नाही. ते मूल वाचलं. तोच हा रेल्वेतला मुलगा. त्या दिवसापासून जत्रेत देवीची पहिली ओटी भरायचा मान मावशीच्या घराला होता. सरकारी देवी डॉक्टर लस टोचायला गावात आला, की मावशी नातवाला, म्हादूला, उचलून भाताच्या रिकाम्या कणगीत ठेवायची आणि वर सूप झाकायची. डॉक्टर दारात. कणगी शिंकायची. मावशी म्हणायची, "उंदरं लय झाल्यात."

हसू नका. दोन मुलं गेलेल्या बाईला कणगीचाच आधार वाटला, तर आपण कोण हसणार?

मावशीची सून माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल. एका गुरुवारी ती ओढ्यावर धुणं धूत होती आणि मी झोळी बाजूला ठेवून पाय धूत होते. आजूबाजूला कुणी नाही असं बघून ती म्हणाली, "बाई, येक सांगू? पर कुनाला सांगायचं न्हाई."

"छे!" मी म्हणाले. काय ऐटीत म्हणाले होते ते!

"माहेराला गेलते न्हवं का मी, तितं देवी डाक्टर आलता. माज्या भनीचं पोर देवीतच गेलं ओ. मी म्हादूला म्होरं केलं. दोनी दंडाला टोचून घेतलं."

"आणि सासूबाईंना काय सांगितलंस?"

"म्हनलं, पोटात दुकत व्हतं, आईनं बिब्ब्याचा डाग दिला."

"पोट दुखलं म्हणून दंडाला डाग?"

"मग काय सांगू?" ती हसली, मीही हसले. मग तिचं हसू एकाएकी गेलं. "त्यास्नी कळलं तर मला माहेरी धाडतील बाई. अन् म्हादूला ठिवून घेतील. नवसाचं घर हाय."

तिच्या हातातलं लुगडं पिळायचं राहिलं होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझ्याकडून कुणाला कळायचं नाही." आणि तुम्हाला सांगते, तेव्हा ते मनापासून होतं.

पुढं काय झालं, तर लोणावळ्याला एक बैठक ठरली. मुंबईचे एक शेटजी हवा खायला बंगल्यात आले होते आणि संस्थेला औषधांची मोठी पेटी द्यायचं त्यांच्या मनात होतं. पाहुणेमंडळींपुढं आक्कांनी कामाची माहिती सांगायची, एवढंच. नेमक्या आक्का तापानं पडल्या. मला बोलावून म्हणाल्या, "तू जा. आजार कोणते, औषधं कोणती लागतात, तेवढं सांग. आणि खाली बस."

खाली बस! मला?

बंगल्याच्या हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. रेशमी पातळं, चकचकीत बूट, आणि प्रत्येकाच्या हातात बशी, बशीत केक. मी उभी राहिले आणि आक्कांनी सांगितल्याप्रमाणे सुरुवात केली. खरूज. मग नायटे. मग मी जंतांवर आले, आणि बशा एकेक करून खाली ठेवल्या जाऊ लागल्या. एक जाडजूड गृहस्थ तोंडात घेतलेला घास गिळावा की नाही या विचारात थांबले. शेटाणी पंखा हलवता हलवता माझ्या मागच्या झाडाकडं बघू लागल्या.

गेली पेटी, मी मनात म्हटलं. आणि तिथंच माझी जीभ सुटली.

"पण मंडळी," मी म्हणाले, "याच मावळात एक शूर माता आहे!"

पंखा थांबला.

"तिचं नाव मी सांगणार नाही. आपण तिला गंगा म्हणू." बघा, मला आक्कांचा नियम आठवला होता! नाव बदललं, कर्तव्य संपलं. "ही गंगा कार्ल्याची लेक. आपण ज्या कार्ल्याला लेणी बघायला जाता ना, त्याच कार्ल्याची! आणि दिली कुठं, तर बेडशाच्या डोंगराखाली. एका लेण्याखालून उठली, दुसऱ्या लेण्याखाली नांदायला गेली!"

टाळ्या. अहो, खरोखर टाळ्या! मग मला कोण आवरणार? मी नवस सांगितला, कणगी सांगितली, कणगीचं शिंकणंसुद्धा करून दाखवलं. बिब्ब्याची थाप सांगितली. 'मला माहेरी धाडतील' हे तर असं काही म्हणाले, की शेटाणींनी पदर डोळ्यांना लावला आणि शेटजी उठून म्हणाले, पेटी दिली, दर पावसाळ्याआधी भरूनही देऊ.

मी खाली बसले तेव्हा जमिनीपासून वीतभर वरच होते.

"बाई, च्या," कुणीतरी म्हणालं. बंगल्याचा माळी होता, धोंडिबा. पाहुणे आले की त्याच्या हातात झारीऐवजी किटली देत. "लय झ्याक बोलला."

"तुम्ही ऐकलंत?"

"हितंच हुबा हाय की मगाधरनं."

खरंच की. मी बोलत असताना तो माझ्या अगदी समोर उभा होता. पण मी श्रोते मोजले ते खुर्च्यांवरचे. किटली धरलेल्या माणसाला कान असतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ते शिकवावं लागतं हीच मुळात लाजेची गोष्ट.

धोंडिबा कपात चहा ओतत हळूच म्हणाला, "ती कार्लेकरीण म्हंजी आमच्या मावशीची सून न्हवं?"

मी घाईनं म्हणाले, "छे हो! हिचं नाव गंगा."

"आसंल. नाव कुनाला ठावं? आमी समदी कार्लेकरीणच म्हनतो."

आता लक्षात आला माझा शहाणपणा? मावळात सून घरात आली, की तिचं पाळण्यातलं नाव कोण घेतं? ती ज्या गावाहून आली त्या गावाची ती होते. कुणी वडगावकरीण, कुणी कार्लेकरीण. मी स्वतः तिला त्याच नावानं हाक मारत होते! जे नाव गावाला माहीतच नव्हतं ते मी इमानेइतबारे लपवलं, आणि ज्या नावानं तिला सगळं गाव ओळखतं ते भर हिरवळीवर सांगितलं. वर डोंगराचा पत्ता दिला.

अशा वेळी शहाणं माणूस गप्प बसतं. मी म्हणाले, "ही दुसरी कार्लेकरीण. कार्ल्याच्या लेकी काय थोड्या आहेत? आणि हिच्या मुलाचं नाव म्हादू नाहीच मुळी!"

धोंडिबानं किटली सरळ केली. "म्हादूचं नाव म्या कुटं काढलं?"

मी कप खाली ठेवला. मग हात जोडले. "धोंडिबा, कुणाला सांगू नका हो. त्या पोरीचा संसार जाईल."

तो म्हणाला, "बरं."

नुसतं बरं! आता या 'बरं'वर कुणी विश्वास ठेवावा? मी ठेवला नाही. मी स्वतः जन्मभर किती जणींना 'बरं' म्हणाले होते आणि पुढच्या दारात जाऊन काय केलं होतं, ते मला माहीत होतं ना!

मुक्काम बंगल्यातच होता. सकाळी उठून बघते तर धोंडिबा नाही. स्वयंपाकीण म्हणाली, "पहिल्या गाडीनं गावाला गेला. देवळात आज बैठक आहे म्हणे."

झालं! बैठक! माझ्या डोळ्यांपुढं ती पोर आली, हातात बोचकं, मागं रडणारा म्हादू. मी चहासुद्धा न घेता निघाले. पुढची गाडी पकडली. कामशेतपासून जी सुटले ती पळतच. वाटेत पदर बाभळीला अडकला, तो सोडवायला थांबले नाही, ओढला आणि फाडला. एकच डोक्यात होतं, काही करून तिला वाचवायचं. मी घातलेला घोळ मीच निस्तरायचा.

गावात शिरले तर देवळापुढं सगळं गाव जमलेलं. पारावर आबा, म्हणजे गावातला सगळ्यांत मोठा माणूस, ज्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. एका बाजूला बायका, त्यांत मावशी. मागं खांबाला टेकून कार्लेकरीण, कडेवर म्हादू. आणि मधोमध उभा राहून हातवारे करत बोलणारा कोण? धोंडिबा! माझ्या कानावर एवढंच आलं, "शेटजीच्या म्होरं काल झालं ते आसं..."

मी थांबले नाही. माणसं बाजूला सारून मधे गेले आणि ओरडले, "कार्लेकरणीचा काही दोष नाही! मुलाला देवीची लस टोचून घेणं हे पाप नाही! तिनं जिवाच्या भीतीनं लपवलं. शिक्षा द्यायची तर मला द्या!"

धोंडिबाचे हात हवेतच राहिले.

मग धोंडिबा अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाई, मी देवळाच्या कौलांचं सांगत व्हतो. शेटजी कौलं द्याया तयार झालं, त्ये."

कौलं!

त्यानं एक शब्द काढला नव्हता. बरं म्हणाला होता, आणि त्याचा अर्थ बरं असाच होता. आख्ख्या पंचक्रोशीत ही गोष्ट फोडणारं माणूस एकच. दोनदा फोडली. आदल्या दिवशी परक्यांपुढं, आणि आज, कुणी विचारलेलं नसताना, घामाघूम होऊन, तिच्या सासूपुढं.

मी खांबाकडं बघितलं. कार्लेकरणीनं म्हादूचा दंड पदराखाली झाकला होता. आता झाकून काय उपयोग होता? तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. ती नुसती बघत राहिली.

आबा म्हणाले, "मावशे, काय म्हनत्यात ह्या बाई? नवसाच्या घरात सुई?"

बायकांत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, आता देवी गावावर कोपणार. मी तोंड उघडलं. हो, पुन्हा! पण त्याआधी मावशी उठली. नथ सारखी केली. पुढं आली आणि माझ्यासमोर अशी उभी राहिली, की तिच्या पाठीमागं मी दिसेनाशी झाले.

"सुनंला कशापायी इचारता?" ती म्हणाली. "मीच म्हनलं तिला, माहेराला चाललीस तर पोराला टोचून आन. नवस मी बोलले व्हते. मीच मोडला."

"तू?" आबांचा विश्वास बसेना. "आन् देवीचा कोप झाला तर?"

"माज्या दारात येऊ दे पयला. तिची माजी जुनी वळख हाय."

आबांनी देवळाकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, मंगळवारी देवीला दहीभात दाखव आणि माफी माग. घराला कुणी काही करायचं नाही. पण नवस मोडला, तेव्हा पहिल्या ओटीचा मान यापुढं दुसऱ्या घरी जाईल.

मावशीनं मान हलवली. तेवढंच. त्या मानासाठी ती वर्षभर खण जपून ठेवायची, मला दाखवलाही होता एकदा. माझ्या जिभेचं मोल तिनं भरलं.

मी तिच्या मागोमाग घरी गेले. ती चुलीपुढं बसली आणि फाटक्या पदराकडं बघून म्हणाली, "बाभळ का?" मी रडायला लागले. अहो, पाठवणीला शेजारणी रडतात तशी नाही, चांगली हुंदके देऊन.

"मावशी, तुम्हाला कधी कळलं?"

"कवाच. पोराला आंगूळ कोन घालतं? पोटाचं दुकनं आन् डाग दंडाला! मी काय काल जल्माला आले?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत? नवस होता ना?"

मावशीनं लाकूड आत सारलं. "नवस माजा व्हता. पोर तिचं हाय. मी दोन घालवली. तिला कोंच्या तोंडानं सांगू, तिसरं तू जोखमीत टाक म्हनून?" मग म्हणाली, "तिनं सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. तिला सांगावं वाटलं आसतं त्या दिशी ऐकलं आसतं. तुमी घाई केली."

कार्लेकरीण दाराशी उभी राहून ऐकत होती. ती आत आली, सासूच्या पायांशी बसली आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "गंगा म्हनं. आत्ता वाटंत धोंडिबा भाऊनं सांगितलं. नाव बी तुमीच ठिवलं. मला इचारायचं तरी."

बसायला नको होतं तिथं, तरी उठवेना.

तळेगावला येऊन आक्कांना सगळं सांगितलं. त्यांचा ताप उतरला होता. त्यांनी विचारलं, "सांगायच्या आधी तिला विचारलं होतंस?"

"पण आक्का, मी नाव बदललं होतं."

"ते मी विचारलं नाही," आक्का म्हणाल्या आणि कूस बदलली. मला वाटलं, काढून टाकतील. नाही टाकलं. उलट पुढच्या गुरुवारी त्याच गावाला पाठवलं. ती शिक्षा जास्त होती.

शेटजींची पेटी आली. गावानं औषधं घेतली, मला घडवंचीवर बसायला जागा दिली, ताक दिलं. मावळी माणसं तोंडावर कुणाला हिडीसफिडीस करत नाहीत, फक्त चिमटा काढतात. एकदा गावात दवंडी द्यायची होती आणि दवंडीवाला आजारी होता. आबा देवळात सगळ्यांसमोर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आरं, कशाला आडून बसलाय? बाई आल्यात की आज. त्येंच्या कानात सांगा, आन् वर म्हना, कुनाला सांगू नगा." सगळं देऊळ हसलं. मीही हसले. न हसून सांगते कुणाला?

पण ओढ्यावर मी झोळी ठेवून बसले, की बायकांचं बोलणं एकदम पीकपाण्यावर यायचं. कार्लेकरीण यायची, म्हादूचा कान दाखवायची, औषध घ्यायची, जायची. एक शब्द जास्त नाही. कान बरा झाला. तो बरा करता आला मला.

पुढच्या पावसाळ्यात, भाताच्या रोपांची आवणी चालली होती तेव्हा, मी तिच्या पडवीत बसून एका म्हाताऱ्याचा पाय बांधला. म्हातारा गेला. पडवीत आम्ही दोघीच उरलो. बाहेर मावळचा पाऊस, समोरचा डोंगर दिसत नव्हता, पन्हळीचं पाणी आमच्या पायांवर उडत होतं. ती माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या मनात काहीतरी होतं, ते तिच्या हातांवरून कळत होतं. ओढ्यावर लुगडं धरलं होतं तसाच पदराचा पिळा तिनं हातात धरला होता.

"बाई," ती म्हणाली, "येक सांगू?"

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पदराचा पिळा सोडला.

"ऊन लय हाय न्हाई आज?"

मी समोर बघितलं. अंगणात गुडघाभर पाणी साचलं होतं.

"हो ना," मी म्हणाले. "फार ऊन."